सोशल अँग्झायटीवर ऑनलाइन थेरपी: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सातारा, कराड, वाई, कोरेगाव, सांगली, मिरज, तासगाव, जत इथून येत राहतात. बहुतेक जण लिहून विचारतात, कारण फोन लावणं हीच त्यांची अडचण असते. एका अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि एक उत्तर दुसऱ्याला जोडून असेल तिथे क्रमांक दिला आहे. हे पान वाचून निदान होत नाही. ते तुमच्याशी बोलून तज्ज्ञच करतात.

१. मी लहानपणापासून बुजरा आहे. हा स्वभाव की आजार?

बुजरेपणा स्वभावात असू शकतो आणि त्याला उपचार लागत नाहीत. प्रश्न असा विचारा: या भीतीपायी मी काय काय सोडलं? तोंडी परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहिलात, बढती नाकारली कारण मीटिंगमध्ये बोलावं लागेल, मावसभावाच्या लग्नात पंगतीला न बसता "पोट बिघडलंय" म्हणून परत आलात, असं होत असेल तर ती गोष्ट स्वभावाच्या पुढे गेली आहे. चारचौघांत आपली परीक्षा होतेय, आपलं हसं होईल ही भीती साधारण सहा महिने किंवा जास्त काळ टिकलेली असेल आणि शिक्षण, काम, नाती अडवत असेल, तर तज्ज्ञ सोशल अँग्झायटी डिसऑर्डरचा विचार करतात. ही भीती बहुतेकांना किशोरवयातच लागते. म्हणूनच "मी असाच आहे" असं वाटत राहतं आणि उपचारांचा विचार कित्येक वर्षं मनात येत नाही.

२. ऑनलाइन थेरपी म्हणजे व्हिडिओ कॉलवर गप्पा मारायच्या का?

या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली: ठरलेल्या वेळी थेरपिस्टबरोबर व्हिडिओ सेशन. दुसरी: आठवड्याला एकेक धडा असलेला कार्यक्रम, ज्यात तुम्ही घरी वाचता, करून बघता, लिहिता आणि थेरपिस्ट मेसेजवर किंवा छोट्या फोनवर उत्तर देतो. तिसरी: नुसतं ॲप, ज्याच्या पलीकडे कोणी माणूस नसतो. संशोधनात सर्वाधिक तपासली गेली आहे ती दुसरी, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त मिळते ती पहिली. तिसरीबद्दल प्र. ५ पाहा. नुसत्या गप्पा मात्र यांपैकी कशातच बसत नाहीत. मन मोकळं करून बरं वाटतं, पण सोशल अँग्झायटी तेवढ्याने हलत नाही.

३. समोरासमोर बसून होतं तितकं ऑनलाइन होतं का? खरं सांगा.

होतं, पण ती थेरपी नीट बांधलेली हवी. स्वीडनमध्ये गेरहार्ड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्येच इंटरनेटवरून सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी) देऊन दाखवली. २०११ मध्ये तिथेच १२६ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना इंटरनेटवरून सीबीटी, निम्म्यांना क्लिनिकमध्ये गटात बसून सीबीटी. इंटरनेटवाले मागे पडले नाहीत. इंग्लंडमध्ये डेव्हिड क्लार्क यांच्या गटाने १०२ जणांवर तुलना केली. तिथेही ऑनलाइन कॉग्निटिव्ह थेरपीचा (सीबीटीचाच एक प्रकार) गुण समोरासमोरच्या थेरपीइतकाच आला, आणि थेरपिस्टचा वेळ मात्र एका माणसामागे सुमारे सोळा तासांऐवजी साडेसहा तासच लागला.

यातून "ऑनलाइन काहीही चालतं" असा अर्थ कृपा करून काढू नका. त्या अभ्यासांत काय शिकवायचं, कोणत्या आठवड्यात काय करून बघायचं, कोण विचारपूस करणार हे सगळं ठरलेलं होतं. त्या ठरलेल्या गोष्टी तुमच्या सेशनमध्ये नसतील तर हे निष्कर्ष तुम्हाला लागू होत नाहीत.

४. मग नेमका गुण कशामुळे येतो?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून उत्तर लांब आहे.

भीती टिकते कशी, हे आधी कळायला हवं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये याचा आराखडा मांडला आणि बरीचशी प्रभावी थेरपी त्यावर उभी आहे. समजा, ग्रामसभेत तुम्हाला दोन वाक्यं बोलायची आहेत. उभं राहताक्षणी तुमचं लक्ष समोरच्या लोकांवरून सुटतं आणि आत वळतं: आवाज कापतोय का, कान तापलेत, हात कुठे ठेवू? आत जे जाणवतं त्यावरून तुम्ही स्वतःचं एक चित्र रंगवता आणि लोकांना तेच दिसतंय असं धरून चालता. मग बचावाच्या सवयी सुरू होतात. वाक्य मनात पाठ करायचं, पटकन बोलून खाली बसायचं, कोणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, कागद घट्ट धरायचा. काही वाईट घडलं नाही तर श्रेय त्या सवयींना जातं, भीती खोटी ठरतच नाही. शिवाय नजर चुकवणारा, तुटक बोलणारा माणूस लोकांना शिष्ट वाटतो आणि ते खरंच लांब राहतात. घरी आल्यावर रात्री अंथरुणात पडून प्रत्येक वाक्याचा पंचनामा चालतो. पुढच्या सभेची भीती तिथेच तयार होते.

ज्या थेरपीत या साखळीवर थेट घाव घातला जातो ती लागू पडते. म्हणून मी पुढच्या गोष्टी शोधायला सांगते.

पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये *तुमच्या* भीतीचा आराखडा तुमच्याबरोबर बसून, तुमच्या शब्दांत तयार व्हायला हवा. लक्ष आतून बाहेर वळवण्याचा सराव असावा. बचावाच्या सवयी एकेक सोडून काय होतं हे बघण्याचे प्रयोग असावेत, आणि ते सेशनच्या बाहेर, खऱ्या माणसांत (प्र. ७). तुमची तुम्हाला दिसणारी प्रतिमा आणि कॅमेऱ्यात दिसणारी प्रतिमा यांची तुलना व्हावी (प्र. ८). प्रसंगानंतरचा पंचनामा थांबवण्यावर बोलणं व्हावं. दर आठवड्याला एखाद्या प्रश्नावलीने मोजमाप व्हावं, म्हणजे सहाव्या आठवड्यात काही हललं नसेल तर ते दोघांनाही दिसेल. आणि एक जिवंत माणूस असावा जो विचारेल, "मंगळवारचं काय झालं?"

हे सगळं इंटरनेटवरून होऊ शकतं. किंबहुना काही बाबतींत सोपं होतं, कारण थेरपिस्ट तुमच्याबरोबर फोनवर राहून तुम्ही खरोखर दुकानात शिरू शकता. दवाखान्याच्या खोलीत ते शक्य नसतं.

दीर्घ श्वास आणि शिथिलीकरण याबद्दल खूप जण विचारतात. त्याने आराम वाटतो, पण "श्वास मोजला म्हणून निभावलं" असं वाटू लागलं की तीच एक नवी बचावाची सवय होते. ज्या थेरपीत दोन महिने श्वासाच्या पुढे गाडी गेली नाही, तिथे मी स्पष्ट विचारलं असतं.

५. ॲप घेतलंय, माझं मी करतोय. माणूस लागतोच का?

काही जणांना ॲपनेही फायदा होतो. पण ऑस्ट्रेलियात निकोलाय टिटोव्ह यांच्या गटाने २००८ मध्ये एकच कार्यक्रम दोन तऱ्हांनी देऊन पाहिला: एकदा थेरपिस्टच्या मदतीने, एकदा एकट्याने. मदत असलेल्यांपैकी तीनचतुर्थांशांहून थोड्या जास्त लोकांनी धडे पूर्ण केले. एकट्यांपैकी फक्त तिसऱ्या हिश्शाने. पुढे त्याच गटाने एकट्याने करणाऱ्यांना आठवड्यातून एकदा फोन लावून नुसती आठवण दिली, तेव्हाही चित्र सुधारलं.

टाळणं हे या त्रासाचं मूळच आहे, म्हणून ॲपही टाळलं जातं. तिसरा धडा "लोकांत जा" म्हणतो आणि तिथेच ॲप बंद पडतं. थेरपिस्ट परवडत नसेल तर निदान एक माणूस ठरवा, मैत्रीण, बहीण, कोणीही. दर रविवारी तिने एवढंच विचारायचं: या आठवड्यात काय करून बघितलंस?

६. कॅमेरा बंद ठेवला तर चालेल का? मला फक्त चॅटवरच बोलता येतं.

सुरुवातीला चालेल. तोंड उघडायलाच जमत नाही अशा माणसाला चॅटने दार उघडतं, आणि त्यासाठी ऑनलाइनचे आभारच मानायला हवेत. पण ते कुठवर, हे पहिल्याच सेशनमध्ये ठरवा. दोन आठवडे चॅट, मग आवाज, मग कॅमेरा. बंद कॅमेरा सहा महिने टिकला तर थेरपीच लपायची जागा होते. कॅमेरा पहिल्यांदा सुरू करणं हा तुमचा पहिला प्रयोग समजा आणि प्र. ७ मध्ये दिल्याप्रमाणे आधी अंदाज लिहा.

दुसऱ्या बाजूने एक सूचना. व्हिडिओ कॉलमध्ये कोपऱ्यात स्वतःचा चेहरा दिसत राहतो आणि तुम्ही सारखे तिकडेच बघता. ती चौकट लपवण्याची सोय असेल तर लपवा, नाहीतर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवा. समोरच्या माणसाकडे बघायचं आहे.

७. मी रोज लोकांतच असतो, दुकान आहे माझं. मग भीती जात का नाही?

कारण तुम्ही बचावाच्या सवयींसकट लोकांत असता. गिऱ्हाईक आलं की मान खाली, हिशोबाच्या वहीत डोळे, नेहमीची चार वाक्यं. असं दहा वर्षं उभं राहिलं तरी मनाला नवं काही शिकायला मिळत नाही.

प्रयोग वेगळा असतो. आधी लिहायचं: मला काय होईल असं वाटतंय, आणि त्यावर माझा शंभरपैकी किती विश्वास आहे? मग कोणती सवय सोडणार ते ठरवायचं. मग करून बघायचं, लक्ष बाहेर ठेवून. मग लिहायचं: प्रत्यक्षात काय *दिसलं*? काय वाटलं ते नको, काय दिसलं ते. उदाहरणार्थ, राजवाड्याजवळच्या दुकानात कंदी पेढ्यांचा भाव विचारायचा आणि न घेता "नको, पुन्हा येतो" म्हणून निघायचं. सातारा स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एकच प्रश्न दोनदा विचारायचा. वर्गात उत्तराची खात्री नसताना हात वर करायचा. बोलता बोलता मुद्दाम तीन सेकंद थांबायचं आणि कोण काय करतं ते बघायचं. हात थरथरतो म्हणून कप दोन्ही हातांनी धरत असाल तर एका हाताने धरायचा, चहा थोडा सांडू द्यायचा, आणि सोफ्यावर बसलेल्या मंडळींचं बोलणं थांबतं का ते पाहायचं.

बहुधा ते थांबत नाही. पण हे मी सांगून उपयोग नाही, तुम्ही पाहिल्यावरच ते पटतं. सेशनमधला वेळ हा प्रयोग आखण्यासाठी आणि नंतर उलगडण्यासाठी असतो, गुण मधल्या सहा दिवसांत येतो. थेरपिस्ट निवडताना माझ्या मते हीच पहिली कसोटी लावावी.

८. मॅडमनी माझंच रेकॉर्डिंग बघायला सांगितलंय. मला ते सहनच होणार नाही. गरज आहे का?

गरज आहे, पण पद्धतीने. सरळ बघितलंत तर जुन्याच नजरेने चुका शोधाल. आधी डोळे मिटून लिहायचं: मी किती लाल दिसेन, किती सेकंद गप्प राहिलो असेन, आवाज किती कापला असेल. मग एखाद्या अनोळखी माणसाची चित्रफीत बघतोय असं धरून बघायचं आणि जे दिसेल-ऐकू येईल तेवढंच मोजायचं. आत उठलेलं वादळ बाहेर किती थोडं दिसतं, याचं बहुतेकांना आश्चर्य वाटतं. यासाठी तुमचे दोन संवाद रेकॉर्ड केले जातात, एक सगळ्या बचावाच्या सवयी वापरून आणि दुसरा त्या सोडून. ऑनलाइनमध्ये कॅमेरा आधीच समोर असतो, त्यामुळे हे सहज जमतं. रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार आणि कधी पुसणार हे आधी विचारून घ्या.

९. आमचं गाव लहान. सगळे ओळखतात. इथे प्रयोग केले तर गावभर होईल.

ही भीती सगळीच खोटी नाही, आणि मोठ्या शहरातल्या थेरपिस्टला ती कळायला वेळ लागतो. गावात एखादी गोष्ट खरोखर वर्षभर चघळली जाते. म्हणून सुरुवात जिथे कोणी ओळखत नाही तिथे करा: कराडचा स्टँड, मिरज स्टेशन, सांगलीत विश्रामबागेतलं एखादं मोठं दुकान. पण तिथेच थांबू नका. भीती जर गावातल्या पारावरच्या चार माणसांची असेल, तर शेवटचे प्रयोग तिथेच व्हायला हवेत.

बायकांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, एकटीने कुठेही जाण्याची मोकळीक सगळ्यांना नसते. "कॅफेत जाऊन अनोळखी माणसाशी बोला" असा गृहपाठ मिळाला तर गप्प राहून थेरपी सोडू नका, सांगा की हे आमच्याकडे जमणार नाही. बचत गटाच्या बैठकीत हिशोबावर एक प्रश्न विचारणं, हळदी-कुंकवाला उशिरा जाऊन लवकर न निघणं, बँकेत फॉर्म भरायला मदत मागणं हे प्रयोग तितकेच खरे आहेत.

१०. घरात सात माणसं. बोलायला खोली नाही, आणि नेटवर्कही नाही.

दोन्ही अडचणींवर पहिल्याच सेशनमध्ये योजना करा. शेतावर, गच्चीवर, उभ्या केलेल्या गाडीत, मैत्रिणीच्या घरी, जिथे तासभर निवांत मिळेल तिथे बसा. इअरफोन लावले की ऐकणाऱ्याला निम्मंच बोलणं कळतं. पंखा किंवा रेडिओ चालू ठेवला तर तेही नाही. कोणी अचानक आलं तर थेरपिस्टला सांगायचा एक साधा शब्द ठरवून ठेवा.

पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या खोऱ्यांत रेंज जाते, त्यात तुमचा दोष नाही. कॉल तुटला तर कोणी कोणाला लावायचा, व्हिडिओ जमला नाही तर साध्या फोनवर बोलायचं का, हे ठरलेलं असलं की सेशन वाया जात नाही. नेटवर्क फारच कमी असेल तर धडे आणि मेसेज असलेला कार्यक्रम (प्र. २ मधली दुसरी तऱ्हा) तुम्हाला जास्त सोयीचा.

११. थेरपिस्ट खरा की खोटा कसं ओळखू? आणि माझं नाव बाहेर फुटणार नाही ना?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तिला सीआरआर क्रमांक म्हणतात, तो मागा. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि त्यांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते. "समुपदेशक" ही पाटी वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं लावतात, म्हणून शिक्षण आणि प्रशिक्षण सरळ विचारा. त्यात अपमान काही नाही.

त्यापुढे तीन प्रश्न विचारा. सोशल अँग्झायटीवर तुम्ही कशा पद्धतीने काम करता? दोन सेशनच्या मधे मी काय करायचं? फरक पडतोय की नाही हे आपण कसं मोजणार? उत्तरं प्र. ४ शी ताडून बघा. विचारायला तोंड उघडत नसेल तर मेसेजने विचारा.

गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला आहे. जिवाला धोका असेल अशा मोजक्या अपवादांत माहिती सांगावी लागते, ते अपवाद कोणते हे सुरुवातीलाच विचारा. सांगलीत कोणी ओळखीचं निघेल या धास्तीने आजवर गेला नसाल, तर दुसऱ्या जिल्ह्यातला थेरपिस्ट घेता येणं हा ऑनलाइनचा मोठा फायदा आहे.

१२. मराठीतूनच हवं का? माझं इंग्रजी बरं आहे.

ज्या भाषेत तुम्हाला भीती वाटते, त्या भाषेत. "लोक काय म्हणतील" हे मनात मराठीत येत असेल तर तेच वाक्य सेशनमध्ये यायला हवं. ऑफिसच्या इंग्रजी मीटिंगचीच भीती असेल तर प्रयोग इंग्रजीत करा.

१३. किती दिवस लागतात? पैसे नसतील तर?

अभ्यासांतले कार्यक्रम साधारण नऊ ते पंधरा आठवड्यांचे होते. आठवड्यातून तीन-चार तास तुमचे स्वतःचे द्यावे लागतात, सेशन सोडून. त्यामुळे "किती सेशन" यापेक्षा "मधल्या दिवसांत किती प्रयोग" हे महत्त्वाचं.

टेली मानस ही सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ वर दिवसरात्र बोलता येतं, मराठीतही. तिथे पहिली मदत आणि पुढची दिशा मिळते. दर आठवड्याची नियमित सीबीटी तिथे मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, सांगलीचं शासकीय रुग्णालय आणि मिरजेचं वैद्यकीय महाविद्यालय इथल्या मानसोपचार विभागात तपासणी अगदी कमी खर्चात होते. एकदा तिथे निदान करून घ्यायचं आणि पुढचं काम ऑनलाइन करायचं, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

१४. गोळ्या घ्याव्या लागतील का? त्या ऑनलाइन मिळतात का?

सगळ्यांना लागत नाहीत. इंग्लंडच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी पहिली शिफारस वैयक्तिक सीबीटीचीच आहे. त्रास फार असेल, सोबत उदासी असेल किंवा थेरपीने पुरेसा फरक पडला नसेल तर मनोविकारतज्ज्ञ एसएसआरआय गटातली (उदासी आणि चिंतेवर वापरली जाणारी) औषधं देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने अचानक बंद करायची नसतात. झटपट शांत करणाऱ्या झोपेच्या गटातल्या गोळ्यांची सवय लागू शकते. प्रयोगाच्या आधी त्या घेतल्या तर मन काही शिकत नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओवर तपासून काही औषधं लिहू शकतात, सगळी नाही. सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देऊ शकत नाहीत.

१५. दोन पेग घेतले की मी छान बोलतो. मग थेरपी कशाला?

दारू ही सगळ्यात महाग बचावाची सवय आहे. बोललात तुम्ही, श्रेय गेलं बाटलीला, आणि पुढच्या वेळी ती लागणारच. पिणं मर्यादेत असेल तर न पिता जाणं हा प्रयोगांपैकी एक करता येतो. रोज पीत असाल, सकाळी हात कापत असतील तर एकदम बंद करू नका, ते धोक्याचं ठरू शकतं. आधी डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा.

१६. मी सांगलीचा, नाट्यपंढरीत वाढलो. एरवी मला काहीच भीती नाही, फक्त स्टेजवर जीभ टाळ्याला चिकटते.

फक्त सादरीकरणापुरती भीती हा ओळखलेला प्रकार आहे आणि त्यात काम तुलनेने आटोपशीर असतं. थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर चार-पाच श्रोते जमवू शकतो आणि तिथून खऱ्या सभागृहाकडे जाता येतं. काही डॉक्टर अशा वेळी प्रोप्रानोलॉल देतात. त्याने धडधड आणि कंप कमी होतो, पण दमा असणाऱ्यांना ते चालत नाही. मित्राची गोळी उसनी घेऊ नका.

१७. लोक खरंच हसतात माझ्यावर. पुण्यात कॉलेजला गेलो तर माझ्या बोलीवरून हसले, आडनावावरूनही बोलले. मग माझ्याच मनात काय बदलायचं?

जिथे अपमान खरा आहे तिथे "तुमचा गैरसमज आहे" असं सांगणारी थेरपी चुकीची आहे. असा थेरपिस्ट बदला. छळ, जातीवरून बोलणं, रॅगिंग यांवर तक्रार आणि सोबत हाच उपाय. चांगला थेरपिस्ट त्यालाही मदत करतो.

पण त्या दिवसांचा ठसा मागे राहतो. पाच वर्षांनी, वेगळ्या माणसांत, प्रेमाने वागणाऱ्या सहकाऱ्यांतही मन त्याच वर्गात उभं असतं. अशा आठवणीवर वेगळं काम करता येतं: तो प्रसंग आजच्या समजेने पुन्हा पाहायचा, त्या वेळच्या मुलाला कशाची गरज होती ते शोधायचं, आणि तेव्हा आणि आता यांतला फरक नेमका मांडायचा. हे ऑनलाइनही होतं, पण अनुभवी माणसाकडेच करा आणि त्यानंतरचा तासभर मोकळा ठेवा.

१८. माझे हात खरंच थरथरतात, बोलताना अडखळतो. ही अँग्झायटी नाहीच बहुतेक.

दोन्ही एकत्र असू शकतात. एकटे असतानाही कंप असेल, वजन घटत असेल, सतत धडधड होत असेल तर आधी थायरॉइडसह साधी तपासणी करा. अडखळणं लहानपणापासून असेल तर स्पीच थेरपिस्टची मदत घ्या. तेव्हा थेरपीचं ध्येय "न अडखळणं" हे नसतं, अडखळत का होईना बोलायचं ते बोलून होणं हे असतं.

१९. मुलगा दहावीत आहे, शाळेत जायला तयार नाही. तो स्क्रीनवर तरी बोलेल का?

बरेचदा बोलतो, कारण मोबाइल ही त्याची ओळखीची जागा आहे. अल्पवयीन मुलाचा डॉक्टरांशी ऑनलाइन सल्ला असेल तर नियमानुसार ओळख पटलेली प्रौढ व्यक्ती सोबत लागते. थेरपीतही पालकांची संमती घेतली जाते. त्यानंतर त्याला थेरपिस्टबरोबर एकट्याने वेळ द्या, दाराशी उभं राहू नका.

आई-वडिलांचं काम वेगळंच असतं. त्याच्या वतीने तुम्ही काय काय करता? दुकानात तुम्ही बोलता, पाहुणे आले की "त्याला अभ्यास आहे" असं तुम्ही सांगता, शिक्षकांना फोन तुम्ही करता. हे हळूहळू, त्याला सांगून, कमी करायचं. चारचौघांत "अरे बोल की, काय मुलीसारखा लाजतोस" असं कोणालाही म्हणू देऊ नका. शाळा पूर्ण बंद झाली असेल तर वाट बघू नका, प्रत्यक्ष तपासणीही करून घ्या.

२०. पंधरा दिवसांवर एमपीएससीची मुलाखत आहे. तेवढ्यात होईल का?

मूळ त्रास जाणार नाही, पण फरक पडू शकतो. रेकॉर्डिंगचं काम (प्र. ८) आणि लक्ष बाहेर ठेवण्याचा सराव एवढंच करा. उत्तरं शब्दशः पाठ करणं सोडा. अनोळखी तिघांसमोर दोन-तीन सराव मुलाखती द्या आणि एकीत मुद्दाम "मला माहीत नाही" म्हणा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाबद्दलही हेच. उरलेलं मुलाखतीनंतर सुरू ठेवा, बहुतेक जण तिथेच सोडतात.

२१. मी चॅटबॉटशी बोलतो. तो कधीच रागावत नाही.

म्हणूनच तो पुरत नाही. माणसाच्या चेहऱ्यावरची प्रतिक्रिया झेलता येणं हेच तर शिकायचं आहे. प्रयोगाची यादी करायला, अंदाज लिहायला त्याचा उपयोग करा. "मी आज वाईट दिसलो का" हे रोज रात्री त्याला विचारत असाल तर तो पंचनामा आहे (प्र. ४), बंद करा.

२२. कोणी ऑनलाइन थेरपी घेऊ नये?

जीव द्यावासा वाटत असेल, स्वतःला इजा करत असाल, तर हे पान बाजूला ठेवा. आत्ता घरातल्या कोणालातरी सांगा, १४४१६ लावा किंवा जवळच्या रुग्णालयात जा. लोक माझ्याविरुद्ध कट करताहेत, आवाज ऐकू येतात, असं असेल तर प्रत्यक्ष मनोविकारतज्ज्ञाकडे. घरातच मारहाण होत असेल आणि फोनवर पाळत असेल तरी ऑनलाइन सुरक्षित नाही. आणि घराबाहेर पडणंच बंद झालं असेल तर ऑनलाइनने सुरुवात करा, पण बाहेर भेटायची तारीख ठरवूनच.

२३. बरं वाटलं, थेरपी संपली. परत आलं तर?

नव्या नोकरीत, लग्नानंतर नव्या घरात, आजारपणानंतर थोडंफार डोकं वर काढतं. शेवटच्या दोन सेशनमध्ये एक पान लिहून घ्या: माझ्या बचावाच्या सवयी कोणत्या होत्या, कोणत्या प्रयोगाने सगळ्यात जास्त फरक पडला, पहिलं लक्षण कोणतं दिसतं. महिन्याने आणि सहा महिन्यांनी एकेक सेशन आधीच ठरवून ठेवा. त्रास परतल्यासारखा वाटला तर नवीन ॲप शोधत बसू नका. त्या पानावरचा सगळ्यात सोपा प्रयोग त्याच आठवड्यात करा, आणि महिनाभरात हललं नाही तर जुन्याच थेरपिस्टला मेसेज टाका. चार-पाच सेशन बहुधा पुरतात, कारण आराखडा तयार असतो.